बॉनेटवरचा तेलाचा क्रूस

सातवा किलोमीटर मागे पडला तेव्हा खडी भरलेला एक ट्रक आमच्या अगदी जवळून गेला. मागच्या फळीतून दोन खडे उडाले आणि एक झाम्फिराच्या बुटावर आदळला. तिने तो उचलून मला दाखवला. हरभऱ्याएवढा असेल.

"हाच शंभरच्या वेगाने बॉनेटवर आला की रंग फोडून पत्र्यापर्यंत जातो," ती म्हणाली आणि खडा शेतात भिरकावून पुन्हा चालू लागली.

आम्ही निघालो होतो त्या गावाला रविवारी बस नसते. आमच्या पितेश्ती शहराहून बारा किलोमीटर. शेजारणीला एकटीला कसं सोडायचं, म्हणून मी निघाले होते. ती मात्र लग्नाला उशीर झाल्यासारखी चालत होती. तिच्या कामावर ठपका ठेवणाऱ्या म्हाताऱ्या गेरासिमला चर्चमधली प्रार्थना संपवून घरी येताना गाठायचं होतं, आणि तेही चारचौघांत.

झाम्फिरा बुक्शान आमच्या इमारतीत माझ्या खालच्या मजल्यावर राहते. वय शेहेचाळीस. पंधरा वर्षं तिने कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली. शिवणखातं बंद झालं तेव्हा ती कोस्तिनच्या वर्कशॉपमध्ये गाड्या धुवायला लागली. तिथे नव्या गाड्यांच्या पुढच्या भागावर पारदर्शक फिल्म चढवतात, म्हणजे बंपर, बॉनेट, आरसे आणि दिवे खड्यांपासून वाचतात. गाडी धुता धुता तिने बघून बघून ते काम उचललं. साबणाच्या पाण्यावर फिल्म तरंगवायची, रबरी पट्टीने पाणी बाहेर ढकलायचं, गरम हवा देऊन वळणावर ताणायची. शिवणारीचे हात ते, त्यांना कापड काय आणि फिल्म काय. दोन वर्षांत पुरुष कारागीर बाजूला पडले. गिऱ्हाइकं विचारायची, कारागीर कुठाय? ती म्हणायची, "समोरच उभा आहे. मिशा तेवढ्या यायच्या राहिल्यात."

नवरा स्पेनला गेला तो तिकडचाच झाला. चर्चच्या पायऱ्यांवर बायकांनी विचारून विचारून तिचा जीव नकोसा केला, तेव्हा तिने ती पायरीच सोडली. त्या दिवसापासून ती लोकांच्या लेखी देव न मानणारी झाली. तिनेही कधी खुलासा केला नाही.

गेरासिम तीस वर्षं इटलीपर्यंत लोकांचे ट्रक हाकत होता. बासष्टाव्या वर्षी त्याने स्वतःची पहिली कोरी गाडी घेतली. ताब्यात मिळाली त्याच दिवशी पाद्रीबाबांकडून आशीर्वाद घेतला. बाबांनी मंत्रलेल्या तेलाचं बोट बॉनेटवर फिरवून क्रूस काढला. आपण नव्या गाडीला हळदकुंकू लावतो तसंच. तिथून गाडी थेट वर्कशॉपमध्ये आली.

झाम्फिराच्या हातात स्पिरिटचा बोळा होता. गेरासिमने तिचा हात धरला. तेल पुसायचं नाही, वरूनच फिल्म लाव, आशीर्वाद आत कायमचा राहील, असं त्याचं म्हणणं. तेलावर फिल्म धरत नाही, असं तिने दोनदा सांगितलं. तो कोस्तिनकडे गेला. कोस्तिनला आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही, तो म्हणाला, होईल की. मग झाम्फिराने बंपर केला, आरसे केले, दिवे केले, आणि पट्टी खाली ठेवून सांगितलं की बॉनेट माझं नाही. ती घरी गेल्यावर कोस्तिनने ते स्वतःच उरकलं. वॉरंटीच्या कार्डावर मात्र सकाळीच तिचा शिक्का पडलेला होता.

तीन आठवड्यांत बॉनेटवर क्रूस उमटला. पांढरा, फोडाफोडांचा. गेरासिमने गावभर सांगितलं की त्या नास्तिक बाईने क्रुसाचा राग काढला, मुद्दाम काम बिघडवलं. कोस्तिनने मान डोलावली. आपण केलं असं कोणी कशाला म्हणेल? सोमवारपासून झाम्फिराने पुन्हा धुण्याच्या नळावर जायचं आणि तिची पट्टी कोस्तिनच्या मेव्हण्याने घ्यायची, असं ठरलं होतं. तो सोमवार उद्याच होता.

तिथे जाऊन काय बोलणार, मी विचारलं. ती म्हणाली, बोलायचं काय, त्याच्या नखालाच बोलू दे.

गावात पोचलो तेव्हा चर्च सुटलं होतं. घराघरांच्या फाटकाबाहेर बाकांवर माणसं बसली होती, रविवारची बसतात तशी. गेरासिमची गाडी फाटकातच उभी. बॉनेटवरचा क्रूस रस्त्यावरून दिसत होता. बाकावर त्याची आई, शहाऐंशी वर्षांची साफ्ता, मांडीवर टोपली घेऊन अक्रोड फोडत होती.

"माफी मागायला बारा किलोमीटर चालत आलीस?" गेरासिम मोठ्याने म्हणाला, शेजारच्या बाकांनाही ऐकू जाईल असं.

"मागायला नाही, घ्यायला आलेय," झाम्फिरा म्हणाली. "काका, नख कापलंय का? नसेल तर बोट पुढे करा."

तो भांबावला. तिने त्याचं बोट धरून आधी आरशाच्या कडेवरून फिरवलं, मग बंपरच्या खालच्या बाजूने. नख कुठेही अडकलं नाही. मग बॉनेटच्या पुढच्या कडेवर आणलं. तिथे ते खट्कन अडलं. तिने पुन्हा फिरवलं, पुन्हा खट्.

"मी फिल्म कडेवर कापत नाही. बोटभर आत वळवते. पंधरा वर्षं शिवण उघडी सोडली नाही, ती इथे सोडेन? बंपर माझा, आरसे माझे. हे बॉनेट माझं नाही."

"मग कोणाचं?"

"मी नको म्हटल्यावर तुम्ही ज्याच्याकडे गेलात, त्याचं."

गेरासिमने परत एकदा स्वतःहून नख फिरवलं. माणूस ट्रकवाला, यंत्राची भाषा त्याला समजते. पण शेजारी बघत होते. त्याने मान वर केली. "तू त्या दिवशी रागावली होतीस."

"होते. म्हणूनच हात लावला नाही."

आपली चूक तर होत नाही ना, अशा चेहऱ्याने तो क्रुसाकडे बघत राहिला. नवी फिल्म लावायची तर तेल पुसावं लागेल, आणि ते पुसलं की आशीर्वाद गेला, असं काहीसं पुटपुटला.

झाम्फिराचा आवाज चढला नाही. "काका, तेलावर एवढा भरवसा होता तर फिल्म कशाला घेतलीत? आणि नव्हता, तर ते कोंडून कशाला ठेवलंत?"

 मग साफ्ता आजी हसायला लागली. दात नसलेलं, पोटातून येणारं हसू. "तीस वर्षं ट्रक हाकलास रे," ती म्हणाली, "कुठल्या ट्रकवर तेल होतं? इथे मी मेणबत्त्या लावत होते. काढ गं पोरी ते प्लास्टिक."

आजीच्या सुनेने केस वाळवायचं यंत्र आणलं. फाटकातून वायर ओढली. झाम्फिराने कोपरा ऊब देऊन सैल केला आणि फिल्म पत्र्यालगत निजवून निजवून, घाई न करता सोलत नेली. खाली तेल होतं, धुळीने काळवंडलेलं. रंगाला धक्का लागला नव्हता. तिने बोळा काढला, तेवढ्यात म्हातारी काठी टेकत उठली. डोक्याच्या रुमालाचं टोक तिने त्या तेलावर फिरवलं, आणि तेच टोक आधी मुलाच्या कपाळाला, मग झाम्फिराच्या कपाळाला लावलं. झाम्फिरा मागे सरली नाही. देव भावाचा भुकेला, त्याला कुठे कोंडायचं आणि कुठून पुसायचं?

गेरासिम हळूच म्हणाला, कोस्तिनला संध्याकाळी फोन करून सांगतो.

"फोनवर नाही. माझं नाव तुम्ही बाकाबाकावर घेतलंत. आता वर्कशॉपमध्ये, सगळ्यांच्या समोर सांगा."

त्याने मान खाजवली. आईकडे पाहिलं. आई अक्रोड फोडत होती, तिने वर पाहिलं नाही. "आठला येतो," तो म्हणाला. घरात चला, कोबीच्या पानात गुंडाळलेलं सार्मालं खाऊन जा, गाडीने सोडतो, असा आग्रह झाला. झाम्फिराने उभ्या उभ्या दोन घास खाल्ले, पण गाडीला ती नाही म्हणाली. खडीचे ट्रक चालू आहेत, फिल्म नसलेल्या बॉनेटने आज रस्त्याला लागू नका, उद्या सावकाश या, असं त्यालाच बजावलं.

परतीला आम्ही पुन्हा चालतच निघालो. गावाची शेवटची घरं मागे गेल्यावर ती थांबली आणि माझा दंड धरला.

"उद्या आठला माझ्याबरोबर चल. बोलायचं काही नाही, नुसती शेजारी उभी राहा. तो कोस्तिन मावशी मावशी करेल, कॉफी पुढे करेल, झालं गेलं विसरू म्हणेल. याआधी चार वेळा मी अशीच विरघळलेय. उद्या मी 'जाऊ दे' म्हणायला तोंड उघडलं ना, तर माझ्या पायावर पाय दे. जोरात दे."