दादाच्या गाडीला लावलेली ठिगळं

सांगतो, पण एक अट आहे. मधे कोणी 'बिचारा' म्हणालं तर मी कपबशी तिथेच ठेवून उठेन. दादा गेल्यापासून हा शब्द इतका ऐकलाय की अंबरनाथच्या बाजारातून येताना मी आता माणसं चुकवत येतो. हसायचं असेल तर खुशाल हसा. दादाची गाडी विकायला निघालो आणि जे करून बसलो, ते हसण्यासारखंच आहे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. इथल्याच कारखान्यात फिटर होता. त्याची ती गाडी तुम्ही पाहिली असेल. दोन माणसांची, बिनछपराची, विलायती. लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीतले गोरे गेले आणि जाताना जे मोडकंतोडकं टाकून गेले, त्यात ही होती. पुढे त्या बराकींत सिंधी लोक आले, छावणीचं उल्हासनगर झालं, आणि भंगारातून फिरत फिरत ही गाडी आमच्या दारात आली. त्यानंतर दादाचा एकही रविवार गाडीच्या वर गेला नाही. सगळे गाडीच्या खाली गेले. वहिनी चहासुद्धा जमिनीवरून आत सरकवायच्या.

त्याला मोटारींच्या शर्यतीचं वेड होतं. मुंबईतले असेच चार वेडे त्याचे दोस्त. विमानांच्या एका जुन्या धावपट्टीवर जमायचे आणि गाड्या पळवायचे. दादा वहिनींनाही एकदा घेऊन गेला. मला? एकदाही नाही.

विचारलं की म्हणायचा, "पुढच्या वेळी, गणू."

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? मी चौथीत शाळा सोडलेला, लाकडाच्या वखारीत ओंडके उचलणारा. त्याचे दोस्त इंग्रजी झाडणारे. मी समजायचं ते समजलो. भावाला माझी लाज वाटते. हा राग मी पोटात धरून बसलो, आणि तो पोटातच असताना दादा तापाने गेला. भांडायचं राहूनच गेलं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही हो, आणि जिवंत माणसं समोर आली की नुसती 'बिचारा' म्हणतात.

तेराव्यानंतर वहिनी चामटोलीला माहेरी गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "भावजी, गाडी विका, पण पळवणाऱ्यालाच द्या. ह्यांची गाडी कोणाच्या अंगणात कोंबड्या बसायला नको."

बस. ती एक गोष्ट माझ्यावर सोपवलेली. दादासाठी करायला दुसरं काही उरलंही नव्हतं.

दादाच्या कारखान्यातले साठे साहेब त्या वेड्यांपैकीच एक. त्यांनी निरोप दिला की मुंबईचे रुस्तमजी शेठ गाडी घ्यायला तयार आहेत, रविवारी दोघे मिळून येतो. मी म्हटलं, या. आणि गाडी धुवायला घेतली.

तोवर मी त्या गाडीला कधी हात लावला नव्हता. रागाने. तिची ताडपत्री काढली, आत डोकावलो, आणि माझ्या डोक्याला मुंग्या आल्या. गाडीला भोकं. खालच्या पत्र्याला भोकं, दाराच्या आतल्या अंगाला भोकं, बैठकीच्या पट्ट्यांना भोकं. पायाने दाबायचा ब्रेक, त्यालासुद्धा भोकं. पुढचा बंपर नाही, टप नाही, गादीच्या जागी घडी घातलेलं गोणपाट.

मला वाटलं, भंगारातला गंजका पत्रा. दादाने गंजलेलं कापून टाकलं असणार आणि नवं घालायची ऐपत झाली नसणार. अशा चाळणीत बसून माझा भाऊ त्या मोठ्या लोकांत जायचा, आणि मला एका शब्दाने बोलला नाही. मला इतका संताप आला की धुवायची बादली मी लाथेने उडवली. ती शेजारच्यांच्या तुळशीपाशी गेली. ते बाहेर आले, मला बघून हळूच म्हणाले, "बिचारा."

आमची आई कधीच गेली, पण तिचा एक नेम घरात टिकून आहे. कोणाला जुनं लुगडं द्यायचं तरी आधी ठिगळ लावायचं, धुवायचं, घडी घालायची, मग द्यायचं. घेणारी भांडीवाली का असेना. फाटकं दिलं तर देणाऱ्याची अब्रू जाते, असं आई म्हणायची. मग दादाची गाडी मी भोकाभोकांची देऊ?

मला गाडी चालवता येत नाही. मी ती बैलगाडीच्या मागे बांधली आणि उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये परसरामच्या दुकानी नेली. परसराम लॉरीच्या बॉड्या दुरुस्त करतो. रस्ताभर पोरं मागून ओरडत होती की बैलाने मोटार जिंकली. मी दोघांना बदडलंसुद्धा.

परसरामने भोकात बोट फिरवलं आणि म्हणाला, "साईं, ये तो एकदम गोल है. जंग ऐसा गोल नहीं खाता."

मी म्हटलं, तुला पत्रा लावायचाय का पंचनामा करायचाय?

त्याने कान पकडले आणि कामाला लागला. मूळचा पत्रा पातळ, वेल्डिंगने जळेल, म्हणून बोल्ट मारतो म्हणाला. मी म्हटलं, काहीही मार, पण पक्कं मार. लॉरीचा जाड पत्रा घाल. मग काय विचारता, मला चेवच आला. एका लष्करी लॉरीचा बंपर तिथे पडला होता, तो पुढे लावला. टांग्याचा टप वर बसवला. काथ्या ठासून भरलेल्या दोन गाद्या केल्या. परसरामने हौसेने मागे एक लोखंडी पेटीही बसवून दिली. दुपारी मी ती गाडी बघितली आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं. घरी न्यायला मात्र तोच बैल बसकण मारायला लागला. मी म्हटलं, बैल माजलाय.

रविवारी पाहुणे आले. दोघेही काटकुळे. साठे साहेब म्हणजे चष्मा लावलेली काठी, आणि रुस्तमजी शेठ म्हातारे, वाऱ्याने हलतील असे. ते साठ्यांच्याच दोन माणसांच्या गाडीतून आले. दोघांनी दादाचं नाव काढलं, पण 'बिचारा' म्हणाले नाहीत. मला बरी वाटली माणसं.

मी ताडपत्री ओढली.

रुस्तमजींनी बंपर पाहिला. टप पाहिला. मग खाली बसून आत हात घातला, चाचपत राहिले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "डिकरा, ते सगळा भोका कुठे गेला?"

झालं. म्हणजे ह्यांना भोकं ठाऊक होती. भोकंच बघायला आले होते. आमची गरिबी बघायला मुंबईहून माणसं येतात! मी म्हटलं, "शेठ, माझा भाऊ गरीब होता, फाटका नव्हता. हसायचं असेल तर रस्त्यावर जाऊन हसा."

"हसते कोण रे?" म्हातारा खरोखर रडकुंडीला आला होता. "एक एक भोका त्याने हाताने पाडला. आम्ही सगळे बघायला यायचे."

साठे साहेबांनी मला समजावायला घेतलं. म्हणे, इंजिन लहान, त्याची ताकद वाढत नाही, मग गाडीचं वजन उतरवायचं. जिथे पत्र्यावर जोर येत नाही तिथे भोक पाडायचं. बंपर नको, टप नको, गादी नको. दादाच्या गाडीएवढी हलकी गाडी त्यांच्या कोणाकडेच नव्हती. तिच्यापेक्षा मोठ्या इंजिनांच्या गाड्या तिच्या मागे राहायच्या.

आता हे ऐकून शहाण्या माणसाने काय केलं असतं? गप्प बसला असता. मी म्हटलं, थापा. भोकं पाडून गाडी पळत असती तर आमच्या घरची चाळणी दिल्लीला पोचली असती. किंमत पाडायला बोलताय. चालवून दाखवा, आणि मी शेजारी बसणार. गाडी घेऊन पसार झालात तर?

रुस्तमजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. काहीतरी बोलणार होते, पण माझा चेहरा बघून गप्प बसले. ते चालवायला बसले, मी शेजारी. काथ्याची गादी दबून पार बसली आणि गाडी माझ्या बाजूला कलली. मला वाटलं, रस्ताच तिरका असेल.

बदलापूरच्या बाजूला निघालो. साठे साहेब त्यांच्या गाडीतून मागे. सपाटीवर ठीक चाललं. जांभूळकडे वळताना एक चढ लागतो, तिथे गाडीने असा सूर काढला की शेतातली म्हैस मान वर करून बघायला लागली. अर्ध्या चढावर गाडी थांबली.

रुस्तमजी उतरले, पाने काढले आणि साठ्यांना घेऊन बंपर सोडवायला लागले. मी हाताची घडी घालून बघत होतो. मग आम्ही गाडी खाली घेतली आणि परत चढवली. थोडी वर गेली, थांबली. मग टप काढला. मग पेटी, मग गाद्या. मग परसरामचे जाड पत्रे, एकेक बोल्ट सोडवून. दर वेळी गाडी थोडी पुढे जाई आणि थांबे. रस्त्याच्या कडेला माझ्या मायेचा ढीग वाढत चालला, आणि माझा पाराही. शेवटी गाडी होती तशी झाली, चाळणीसारखी. मी विजयाने म्हटलं, बघा, सगळं काढलंत, तरी चढतेय का?

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. साठे साहेब चष्मा पुसायला लागले. रुस्तमजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"डिकरा, वाईट नको वाटून घेऊ. एक वजन राहिला."

"कुठे?"

"तू उतर."

मी उतरलो. म्हणजे रागाने उतरलो, दार आपटून. तेवढ्यात गाडी उचकली आणि त्या चढावरून पाकोळीसारखी वर गेली. आणि मग तो आवाज आला. दादा सकाळी निघायचा तेव्हा आमच्या ओट्यावरून ऐकू यायचा तोच. दूर दूर जाणारा. मी त्या गाडीत होतो तोवर तो आवाज आला नव्हता. मी बाहेर उभा राहिल्यावरच आला. मी कडेच्या त्या बंपरवर बसलो.

गाडी खाली आल्यावर मी किल्ली काढून रुस्तमजींच्या हातात ठेवली. म्हटलं, पळवा. बाकीचं वहिनींशी बोला. साठे साहेब म्हणाले, चल, तुला माझ्या गाडीतून सोडतो. मी म्हटलं, नको साहेब, तुमच्या तरी गाडीचे हाल कशाला?

ते गेले. मी तो बंपर खांद्यावर घेतला आणि चालत चामटोली गाठली. बंपर का घेतला? राग हो. कशावर तरी तो काढायला हवा ना.

वहिनी पडवीत तांदूळ निवडत होत्या. खांद्यावर बंपर, अंगाला वंगण, अशा अवतारात मला बघून त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी बसलो आणि सगळं सांगितलं. ठिगळं, बैल, चढ, सगळं. 'तू उतर' पर्यंत आलो तेव्हा वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतायत. बघतो तर हसत होत्या. मग दोन्ही करायला लागल्या.

"भावजी, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"काय?"

"ह्यांना तुम्हाला न्यायचं होतं हो. दर वेळी म्हणायचे, गणूला घेतलं तर गाडी चढ चढणार नाही, आणि तसं सांगितलं तर तो जेवण सोडेल. म्हणून आपलं पुढच्या वेळी, पुढच्या वेळी."

इतकी वर्षं मी त्याच्यावर डूख धरून होतो. लाज वाटते, अडाणी समजतो, काय काय. आणि दोष कशाचा निघाला? माझ्या तब्येतीचा!

मला आणखीच राग आला. सांगायचं ना त्याने. मी चार घास कमी खाल्ले असते. एकदा तरी बसलो असतो शेजारी.

वहिनींनी ताट वाढलं. नेहमीसारखी भाकऱ्यांची चळत. मी मान खाली घालून म्हटलं, "वहिनी, दोन कमी वाढा."

वहिनींनी उलट आणखी एक वर ठेवली.

"खा आता पोटभर, भावजी. गाडी तर गेली."