वहिनीची गोष्ट, माझं नाव

तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास आला की कमलनगरचं आमचं अंगण आठवतं. वहिनी कानडी मुलखातली. शेंगा सोलत स्वतः रचलेल्या गोष्टी कानडीत सांगायची. त्यातली एक मी मराठीत लिहिली आणि माझ्या नावानं मासिकाला धाडली. भाषा माझी, म्हणून गोष्टही माझीच, असं मनाला पटवलं होतं. लोक मला लेखक म्हणतात ते त्या गोष्टीपासून.

अंक आला, तिला वाचून दाखवला.

"माझी म्हैस बी आलीय की," ती हसली. "माझं नाव कुठं हाय, भावजी? दाखवा की."

तिला वाचता येत नव्हतं. मी माझ्याच नावावर बोट ठेवलं.

तिनं पदराला हात पुसले, त्या अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं. "बारीक हाय," म्हणाली, "पण चांगलं दिसायलंय."