एमिलची पालथी बादली

नेब्रास्कातल्या त्या गावात एमिल कुचेराला कोणी विचारत नव्हतं. मग त्याचा वेंडल चेंडू फेकायला लागला आणि धान्याच्या कोठारावर काम करणारा हा अबोल माणूस एकदम ‘वेंडलचा डॅड’ झाला. बेकरीत त्याला न मागता कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेला गोड पाव, मिळू लागला.

वेंडल नऊ वर्षांचा असल्यापासून एमिल रोज संध्याकाळी मागच्या अंगणात पालथ्या बादलीवर बसून त्याचे बेसबॉल झेलायचा. चेंडू चामड्याच्या ग्लव्हमध्ये शिरला की फाट्कन आवाज यायचा. नुसत्या आवाजावरून पोरगा जेवलाय की नाही ते कळतं, अशी एमिलची बढाई होती, आणि ती फारशी खोटी नव्हती.

पुढे तीन तासांवरच्या एका विद्यापीठाने वेंडलला दोन्ही खेळांसाठी घेतलं. वसंतात बेसबॉल, पानगळीत फुटबॉल. तिथला फुटबॉलही हातानेच फेकायचा, म्हणजे दोन्हीकडे राबणार एकच उजवा हात. तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात बेसबॉलचा एक मोठा संघ त्याला घेणार, हे जवळजवळ ठरलं होतं. पण गावाला उन्हाळ्याशी काय देणंघेणं? गावाला शनिवारचा फुटबॉल हवा होता.

तिसऱ्या वर्षी जुन्या वैऱ्यांशी फुटबॉलचा सामना होता. त्याच्या आधीच्या रविवारी वेंडल अचानक घरी आला. एमिल बादलीवर बसला, पहिला चेंडू आला. फाट् नाही, नुसतं थप्प. दुसराही तसाच. खांदा दुखावला होता.

“कसे येतायत, डॅड?”

एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचा लॅडी ओरडला, “वेंडल, लेका, शनिवारी लोळवायचंय हं त्यांना! अख्खं गाव येतंय!”

“झकास येतायत,” एमिल म्हणाला.

शनिवारी वेंडलने फेकायला हात उचलला आणि दोन धटिंगण त्याच्यावर कोसळले. खांदा कामातून गेला. सामना मात्र जिंकला, गावात हॉर्न वाजत राहिले. बेसबॉलवाल्यांचा फोन काही आला नाही. गाव दुसऱ्या पोरामागे लागलं. गावांना काय, हंगाम दरवर्षी येतो.

वेंडल शेतांवर गॅस पोचवायची गाडी चालवू लागला. एमिलने अकरा वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरली. शेवटी एका रविवारी, जेवताना, त्याला राहवेना.

“मला तेव्हाच कळलं होतं रे. आवाजावरून.”

“माहितीये,” वेंडल सूप ढवळत म्हणाला.

“माहितीये?”

“कोचला नाही म्हणायची माझी छाती नव्हती, डॅड. म्हणून तर घरी आलो होतो. वाटलं, तुम्हाला आवाज कळतो, तुम्हीच म्हणाल, बस झालं, पोरा.” त्याने चमचा खाली ठेवला. “अठ्ठावीस चेंडू टाकले मी त्या दिवशी. प्रत्येक वेळी वाटायचं, आता म्हणाल.”

एमिल रडला. इतक्या वर्षांचं रडणं होतं ते, लवकर थांबलं नाही.

निघताना वेंडलने मागच्या दाराजवळची बादली उचलून शेडमध्ये ठेवली. मग बापाच्या खांद्यावर डावा हात ठेवला. उजवा तेवढा वर जात नव्हता.