निळ्या काठाचा कप

कँडीतल्या दुसऱ्या सकाळी माझ्या लक्षात आलं, की या घरात माझा कप वेगळा आहे.

श्रीलंकेतलं हे डोंगरातलं शहर. मी तिथे एकटीच आठवडाभरासाठी गेले होते आणि तळ्याच्या वरच्या चढावर एका घरात खोली घेऊन राहिले होते. घरमालकीण सत्तरीला आलेली, तीही एकटीच राहणारी. सकाळी ती मला टेबलावर चहा आणून द्यायची, बशीत गुळाचा खडा ठेवायची, आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून प्यायची. तिच्या हातात कान उडालेला पिवळट कप. माझ्यापुढे पांढरा, निळ्या काठाचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, पाहुण्यांसाठी चांगला कप काढला असेल. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मी कप उचलून आत न्यायला निघाले, तर ती लगबगीनं आडवी आली. कप माझ्या हातातून घेतला, घरातल्या मोरीत न ठेवता मागच्या अंगणातल्या नळावर नेला आणि वेगळ्या काथ्यानं घासला. मग तो कप, माझं ताट, माझा चमचा असं सगळं खिडकीतल्या एका फळीवर पालथं घातलं. घरातली बाकीची भांडी आत, मांडणीवर.

मी खोलीत येऊन पलंगावर बसले. मला भयंकर राग आला होता.

हा राग कळायला माझी नोकरी सांगावी लागेल. बत्तीस वर्षं मी नर्सबाई होते. गोंदियाकडच्या कोहमाऱ्याच्या आसपासची गावं आधी पायी, मग सायकलनं, मग स्कूटीवर पालथी घातली. बाळांना डोस पाजले, बाळंतिणींचं बीपी मोजलं, आणि घरोघरी पाणी प्याले. काही घरांत तांब्या-पेला सरळ हातात मिळायचा. काही घरांत ओसरीच्या कोनाड्यात एक पेला ठेवलेला असायचा, तो माझ्यासारख्यांसाठी. पाणी प्यायचं, पेला आपणच विसळायचा आणि होता तिथे पालथा घालायचा. तसं कोणी तोंडानं सांगत नसे, सांगायची गरजही नसे. आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध, आणि आडनाव ऐकलं की आमच्या जिल्ह्यात पुढचं सगळं आपोआप कळतं. गंमत म्हणजे त्याच घरातलं बाळ माझ्या मांडीवर मुतलं तरी कोणाला विटाळ होत नसे. लोक चेहरा बघून माणूस ओळखतात. मी भांडं बघून घर ओळखायला शिकले.

निवृत्त झाल्यावर मी घरात जाहीर केलं, की मला एक आठवडा अशा ठिकाणी घालवायचा आहे जिथं मला कोणी म्हणजे कोणी ओळखत नाही. आमच्या ह्यांना ते पटलं नव्हतं. "एकटी कायले जाऊन राहिली? विहारातल्या बायांसंगं बुद्धगयेले जा ना," असं ते महिनाभर म्हणत होते. मी ऐकलं नाही. मुलीनं पुण्याहून खोली ठरवून दिली आणि मी निघाले. सात दिवस मला कोणाची कोणीच व्हायचं नव्हतं. आणि दुसऱ्याच दिवशी हा कप.

पण हिला कळलं कसं? मी तर काहीच सांगितलं नव्हतं. खोली भाड्यानं घेताना आडनाव गिळायचं, ही आमची जुनी सवय. बदलीच्या काळात गोंदियात खोल्या शोधताना मी ते इतक्या वेळा गिळलं आहे, की आता ते तोंडातून बाहेरच येत नाही. ही बाई पहिल्या दिवशी मोडक्या इंग्रजीत विचारत होती, गाव कुठलं, घरी कोण कोण, देव कुठला. माझंही इंग्रजी तिच्याइतकंच. मी म्हटलं, नागपूरजवळचं गाव, घरी सगळे बरे आहेत. देवाचा प्रश्न ऐकलाच नाही असं दाखवून मी खिडकीबाहेरच्या तळ्याचं कौतुक केलं. तिनं माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं होतं, ते मला नीट आठवलं. मग आठवलं, तिनं माझ्या पासपोर्टचा फोटो घेतला होता. त्यावर आडनाव होतं. झालं. कोणा भारतीयाला फोन करून विचारलं असणार हिनं.

दुपारी तळ्याकाठच्या बाकावरून घरी फोन लावला.

"काऊन वं, आवाज असा काऊन येऊन राहिला?" हे म्हणाले.

मी सगळं सांगितलं.

"तिले कायले मालूम होईन तू कोन हायेस ते?"

"पासपोर्ट पाहिला ना तिनं."

"मंग दुसरी खोली पाय. भांडत नको बसू तिथं, परक्याचा देश हाय."

"मी कायले जाऊ? मी तं आता पाहूनच राहीन, हे काय हाय ते."

आणि मी पाहत राहिले. शहर सुंदर होतं, आरामही भरपूर होता, पण माझं लक्ष कशात लागेल तर शपथ. सकाळी तळ्याला एक फेरी, मग बाजार, मग कुठल्याही बसमध्ये चढून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच बसनं परत यायचं. बाकावर शेजारची बाई सरकून बसली की मला वाटे, झालं सुरू. मग कळे, ती उन्हातून सावलीत सरकली होती. शहाळंवाला हसून "इंडिया?" म्हणाला की मी आधी त्याचा चेहरा तपासायची आणि मग शहाळं. रिक्षावाल्यानं नाव विचारलं तर त्याला मी शेजारणीचं नाव सांगितलं. का, ते मलाही सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी बुद्धाच्या दंतधातूच्या मंदिरात गेले. मुद्दाम फिकट निळी साडी नेसले, कारण विहारात नेसतो तशी पांढरी नेसून निघाले असते तर घरमालकिणीनं कुठे चाललात म्हणून विचारलं असतं. आत बायका ओळीनं बसल्या होत्या, हातात कमळं, आणि तोंडात तेच पाली शब्द जे मी लहानपणापासून आमगावच्या विहारात म्हणत आले. चाल वेगळी, शब्द तेच. मीही म्हणू लागले, तेव्हा शेजारचीनं चमकून बघितलं आणि विचारलं, "इंडिया? हिंदू?" मी म्हटलं, "बौद्ध." ती हसली. ते हसणं कसलं होतं, याचा विचार मी घरापर्यंतचा सगळा चढ चढताना करत होते.

चौथ्या दिवशी मी परीक्षा घेतली. बाई फुलं आणायला खाली गेली होती. मी माझा कप खिडकीतून उचलला आणि मांडणीवर, तिच्या पिवळ्या कपाला खेटून ठेवून दिला. दुपारी येऊन बघते तर निळ्या काठाचा कप पुन्हा खिडकीत. नुसता हलवला नव्हता, घासलाही होता. त्याच्या काठावरून अजून पाणी ठिबकत होतं. आता शंकेला जागाच उरली नाही. त्या रात्रीच्या जेवणाला मी भूक नाही म्हणून सांगितलं.

पाचव्या सकाळी मी तिच्याआधी स्वयंपाकघरात शिरले. चहा उकळत होता. मांडणीवरून तिचा कान उडालेला कप घेतला, त्यात चहा ओतला आणि तोंडाला लावणार इतक्यात ती मागच्या दारातून धावत आली.

"नको, नको! तो कप नको!"

"का नको?" मी ओरडले. मी इतक्या जोरात ओरडू शकते हे मलाच माहीत नव्हतं. "माझ्या तोंडाला काय झालंय? काय लागतं माझ्या तोंडाचं तुमच्या कपाला?"

ती भिंतीला टेकली. म्हातारी घाबरली होती. दोन्ही हात जोडून म्हणाली, "तुमच्या तोंडाचं नाही. कप वाईट आहे. मासे. आम्ही मासे खातो. सगळी भांडी एकाच मोरीत."

मला काही कळेना. मग तिनं हळूहळू, शब्द शोधत सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे भारतातलं एक कुटुंब उतरलं होतं. आल्या आल्या त्यांनी विचारलं, या भांड्यांना मासा लागतो का? हो म्हटल्यावर त्यातल्या बाईनं पदर नाकाला लावला. त्यांनी नळ धुतला, स्वतःची शेगडी काढली आणि हिला हिच्याच स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभं केलं. पाहुणे आले म्हणून हिनं पहाटे उठून नारळाच्या दुधातला भात केला होता. तो त्यांनी न चाखता कावळ्यांना घातला. ते गेल्यावर हिनं हा कप, हे ताट विकत आणलं. भारतातून कोणी आलं की तेवढंच काढायचं, बाहेर धुवायचं, आपल्या भांड्यांना लागू द्यायचं नाही. काल तो कप मांडणीवर कसा गेला कोण जाणे, म्हणून पुन्हा घासला. "तुमच्यासाठी स्वच्छ ठेवते," ती म्हणाली.

माझ्या हातातला चहा निवत चालला होता. मी म्हटलं, "मी तशातली नाही. मी बौद्ध आहे. मासे खाते. आमच्याकडे शेतातल्या तळ्यातल्या मासोळ्या मिळतात, त्या मी स्वतः साफ करते."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मी देव विचारला होता. तेव्हा का नाही सांगितलं?"

मी कप खाली ठेवला.

"मला वाईट वाटू नये म्हणून म्हणताय," ती म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता. ती आत गेली आणि कालचा आंबट, काळपट रश्श्यातला मासा आणि भात वाढून आणला, स्वतःच्या ताटात. माझ्यापुढे ठेवला आणि समोर उभी राहिली, माझ्या हाताकडे बघत. ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. आयुष्यभर मी लोकांच्या हातांकडे तशीच बघत आले आहे. माणसांचा विटाळ मानणारी म्हणून माझ्यावर कोणी संशय घेईल, हे मात्र मला स्वप्नातही खरं वाटलं नसतं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

मी खाल्लं. चौथ्या घासाला ती खुर्ची ओढून बसली.

"ते लोक तुमच्या हातचं जेवले असते?" तिनं विचारलं.

"नाही. त्यांनी मलाही दाराबाहेरच ठेवलं असतं."

"तुमच्या देशात असे पुष्कळ आहेत?"

"आहेत. मी त्यांच्या घरोघरी कामाला जात होते. बत्तीस वर्षं."

मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "माझ्यावर तर पाचव्या दिवशी ओरडलात. त्यांच्यावर कधी ओरडलात?"

माझ्या तोंडात घास होता. तो गिळायला वेळ लागला.

"नाही," मी म्हटलं.