छोटी फायनल

इंग्लंडातल्या आमच्या मराठी मंडळात कुणी नवीन भेटलं की तीन प्रश्न ठरलेले असतात. पुण्याचे की मुंबईचे, व्हिसा की पासपोर्ट, आणि मुलं काय करतात. तिसऱ्या प्रश्नाला बाकीच्या बायका एका शब्दात उत्तर देतात. डेंटिस्ट. अकाउंटंट. मला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं संपली की समोरची बाई मान हलवून विचारते, "हो, पण काम काय करते?"

माझी मुलगी स्की क्रॉस खेळते. म्हणजे बर्फाच्या उतारावर चौघी एकदम सुटतात. वाटेत टेंगळं, उड्या, वळणं असतात, एकमेकींची कोपरं लागतात, आणि जी आधी खाली पोचेल ती पहिली. पहिल्या दोघी पुढच्या फेरीत जातात आणि उरलेल्या दोघींचं काम संपतं, एवढं माझं ज्ञान होतं. तत्त्व म्हणून मला हा खेळ फार आवडतो. परीक्षक नाहीत, गुण नाहीत, वशिला नाही. बघायला मात्र मुळीच आवडत नाही, कारण त्या चौघींतली एक माझ्या पोटची आहे.

याची सुरुवात एका वाढदिवसापासून झाली. आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. या गावात बघण्यासारखं काही नाही असं म्हणणाऱ्यांना आम्ही राउंडअबाऊट, म्हणजे रस्त्यांवरचे गोल चौक, दाखवतो, आणि तरीही पटलं नाही तर छपराखालचा बर्फाचा उतार दाखवतो. मुलीच्या वर्गातल्या एकीने सातवा वाढदिवस तिथे केला. आम्ही भेट म्हणून एक जिगसॉ दिला. त्या जिगसॉच्या बदल्यात आमच्या घराची पुढची सतरा वर्षं गेली.

आमचे हे आधी म्हणत होते की ती पडेल, पोहणं बरं. दोन वर्षांत तेच सगळ्यात वेडे झाले. स्कींना मेण लावायचं ते गरम इस्त्रीने. पहिल्यांदा ह्यांनी घरातलीच इस्त्री वापरली आणि सोमवारी मेणाचा शर्ट घालून ऑफिसला गेले. मग कामाची वाटणी झाली. नियम, निकाल, मेण, हे ह्यांचं खातं. डबे, दडपे पोहे, डॉक्टर आणि देव, हे माझं. स्पर्धेला मी गेलेच तर कॅफेत खिडकीकडे पाठ करून अथर्वशीर्ष म्हणत बसायची. हे येऊन निकाल सांगायचे आणि मग मी चहा संपवायची. इतक्या वर्षांत मी तिची एकही शर्यत डोळे उघडे ठेवून पूर्ण पाहिली नव्हती. हे मी कुणाला सांगत नसे.

एकोणिसाव्या वर्षी ती ब्रिटनची चॅम्पियन झाली. त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी माझं मनापासून अभिनंदन केलं, तर मी म्हणाले, "अहो, कसलं काय, सातच मुली होत्या. त्यातल्या दोघी पडल्या." ही आपली रीतच आहे. आपल्या मुलांचं कौतुक कुणी केलं की ते आधी आपणच कापायचं, म्हणजे दुसऱ्यांना कापायला काही उरत नाही. याला आपण नम्रपणा म्हणतो. मुलगी शेजारीच तिळगुळाचं ताट धरून उभी होती. सगळ्या हसल्या म्हणून तीही हसली.

मग गुडघा गेला. ऑपरेशन झालं, एक अख्खं वर्ष घरात गेलं, आणि ती परत उभी राहिली तेव्हा चोवीस वर्षांची होती. प्रशिक्षकाने स्पष्ट सांगितलं की या मोसमात युरोपच्या मालिकेत एकदा तरी पहिल्या चारांत ये, नाहीतर टीममधली जागा दुसरीला जाईल. जागा गेली की सगळंच गेलं, कारण त्यानंतर घेणारं कुणी नसतं. ती एकदा सहावी आली, एकदा नववी, एकदा पडली. शेवटची शर्यत मार्चमधल्या एका शुक्रवारी ऑस्ट्रियात होती.

नेमकं त्या दिवशी ह्यांना कामासाठी मँचेस्टरला जावं लागलं. जाताना लॅपटॉपवर लिंक उघडून ठेवली आणि मला बजावलं की मी मीटिंगमध्ये असेन, तू बघ आणि कळव. मीही घरून मीटिंगमध्येच होते. आमच्या मॅनेजरला एका वाक्याची गोष्ट सात स्लाइडमध्ये सांगायची हौस. ती संपवून मी लिंकवर गेले तर पडद्यावर चार मुली फाटकामागे उभ्या, त्यात निळं बिब, म्हणजे नंबराची बंडी, घातलेली माझी. निवेदक जर्मनमध्ये बोलत होता. मी पाठ करून बसणार होते, पण घरात निकाल सांगायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणून बघितलं.

काय गेली ती! सुटताना तिसरी होती. पहिल्या वळणावर आतून घुसली, दुसऱ्या उडीनंतर एकीच्या बरोबरीला आली आणि शेवटच्या टेंगळांवर तिने पुढचीला असं मागे टाकलं की मी खुर्चीवरून उठून पोरीचं नाव घेऊन ओरडले. पहिली आली. खाली पोचल्यावर तिने हात वगैरे वर केले नाहीत, गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी राहिली. मला वाटलं, दमली. आणि मी लॅपटॉप बंद केला.

का बंद केला, हे आता मला विचारतात. मंडळाच्या गणपतीत मुलांचे नाच असतात. आपल्या मुलाचा नाच झाला की आई-वडील पर्स उचलून बाहेर पडतात, पुढच्याचं पोर स्टेजवर येईपर्यंत निम्मा हॉल रिकामा. या रिवाजाला मी आयुष्यभर नावं ठेवली. आपली झाली ना पहिली, आता लोकांच्या मुली कशाला बघायच्या, हा विचार त्या दिवशी माझ्या मनात आलाच.

तीन मिनिटांत मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, मुलगी युरोपात पहिली आली. अर्ध्या तासात मायक्रोवेव्हमध्ये मिल्क पावडरचे पेढे झाले. समोरच्या इंग्रज आजींना दिले, पोस्टमनला दिला. तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिचा आवाज भरलेला होता. मी तिला बोलूच दिलं नाही. शर्यत मी स्वतः डोळ्यांनी बघितली, कशी आत घुसलीस, कशी मागे टाकलीस, तुझ्यासारखी तूच, मला तुझा किती अभिमान आहे, टीममधली जागा आता कोण घेतंय बघू, असं सगळं मी एका दमात बोलले. पलीकडून ती फक्त "हं" म्हणत होती. मग म्हणाली की बस निघतेय, उद्या येते.

संध्याकाळी हे परत आले. मी दारातच त्यांच्या हातावर पेढा ठेवला. त्यांनी ट्रेनमध्ये निकाल पाहिला होता. पेढा हातात धरून ते तसेच उभे राहिले आणि मला हळूच समजावून सांगितलं. उपांत्य फेरीत हरलेल्यांची वेगळी शर्यत होते, तिला छोटी फायनल म्हणतात. ती पाचव्या ते आठव्या नंबरासाठी असते. खरी फायनल त्यानंतर होते. आपली मुलगी उपांत्य फेरीत बुटाच्या टोकाएवढ्या अंतराने तिसरी आली होती. मी पाहिली ती छोटी फायनल. ती तिने जिंकली, म्हणजे ती पाचवी आली.

"चौथी तरी हवी होती," हे म्हणाले.

मी आत जाऊन गॅस पुसत बसले. पुसलेलाच होता.

ग्रुपवर तोवर हारतुरे सुरू झाले होते. अध्यक्षांनी रविवारच्या पाडव्याच्या कार्यक्रमात सत्कार जाहीर करून टाकला होता. मी त्यांना फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, बॅनर छापायला गेलाय." मग त्यांनी मला धीर दिला. पहिली काय आणि पाचवी काय, आपल्यातलं दुसरं कोण बर्फावर उभं तरी राहतं, आणि तिथे तपासायला कोण येणार आहे? सत्कार दहा मिनिटांचा, लोक तसेही श्रीखंडासाठी येतात.

मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही, उलट मला सुटल्यासारखं वाटलं. सतरा वर्षांनी माझ्याकडे एका शब्दाचं उत्तर आलं होतं, चॅम्पियन, आणि ते मला दोन दिवस तरी ठेवायचं होतं. दोष अध्यक्षांवर ढकलणं सोपं आहे. ते बिचारे निदान बॅनरचं कारण देत होते.

शनिवारी तिला विमानतळावरून आणलं. टीममधली जागा गेल्याचं प्रशिक्षकाने शर्यत संपल्याबरोबर सांगितलं होतं. हे तिने गाडीत वडिलांना सांगितलं, मला नाही. घरी आल्यावर मी तिला म्हणाले की उद्या फक्त दहा मिनिटं उभी राहा, काही बोलू नकोस, शाल घे आणि उतर. तिने माझ्याकडे पाहिलं आणि "ओके" म्हणाली. टेबलावरचा पेढ्यांचा डबा मी उचलून कपाटात ठेवला.

रविवारी शाळेचा हॉल भरला होता. बॅनरवर मुलीपेक्षा अध्यक्षांचा फोटो मोठा होता. तिच्याआधी तीन सत्कार झाले. एका मुलाला प्रवेशपरीक्षा देऊन ग्रामर स्कूल मिळालं म्हणून, एका काकांनी दहा किलोमीटर धावून पूर्ण केले म्हणून, आणि एका बाईंनी आदल्या वर्षीचा हिशेब वेळेत दिला म्हणून. मग माझी मुलगी माझी पैठणी नेसून, उजवा गुडघा जपत पायऱ्या चढली. अध्यक्ष तिच्याबद्दल बरंच बोलले. युरोपच्या बर्फावर मराठी पाऊल पहिलं उमटलं वगैरे. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि खाली उतरायच्या ऐवजी तिने माईक मागितला.

तिचं मराठी घरापुरतं आहे. ती सावकाश बोलली.

"नमस्कार. सॉरी, माझा मराठी थोडा वीक आहे. मी पहिला नाही आली. मी पाचवा आली. आणि टीममधून पण मला काढलंय, सो आता माझा रेसिंग संपला. काकांनी एवढं छान बोललं म्हणून सांगायला पाहिजे होतं. शाल मात्र मी ठेवते, मला आवडली."

मी खाली मान घालून पर्सची चेन बघत होते. अध्यक्ष कसलेले गृहस्थ. त्यांनी माईक घेतला आणि म्हणाले, "पाचवी! अख्ख्या युरोपात पाचवी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना टाळ्या वाजवायच्याच होत्या, नंबर कुठलाही चालला असता. श्रीखंडाच्या रांगेत एका मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, बरं झालं हो, आता मास्टर्सला मोकळी.

परतताना मी गाडी चालवत होते. ती शेजारी, हे मागे मांडीवर नारळ घेऊन. दोन राउंडअबाऊट मागे पडले. मग मी तिला म्हणाले की शुक्रवारी फोनवर मी तुला बोलूच दिलं नाही.

"मी सांगू शकले असते, आई," ती म्हणाली. "एकच वर्ड होता. फिफ्थ. मी नाही सांगितलं."

"का गं?"

"माझ्याबद्दल तू एवढी हॅपी मी कधी ऐकली नव्हती. मला वाटलं, लेट हर फिनिश."

मी वळायचं तिथे वळले नाही. राउंडअबाऊटला आणखी एक फेरी मारली. मला लाज वाटते, हे मी तिला इंग्रजीत सांगितलं, कारण मराठीत हे वाक्य कुठल्याही आईच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही आणि ते माझ्या तोंडी येईना.

"आय नो," ती म्हणाली. तिने गुडघ्यावरची पैठणी नीट केली. मग म्हणाली, "सेमीफायनलमध्ये माझा स्टार्ट चांगला होता," आणि सांगायला लागली.

तिचं सांगून संपेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही.