फुग्यांच्या बाह्या

चाकणच्या नाक्यावर सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहत पोरं उभी असतात. परवा दवाखान्यात निघाले होते, तेव्हा सुनेला रिक्षा मिळेपर्यंत मीही त्यांच्या शेजारी उभी राहिले. बाजाराकडून कांद्याचा उग्र, ओलसर वास येत होता. पोरांची गावं वेगळी, बोली वेगळ्या, पण दाढीची कोरणी आणि कपाळावर आलेली झुलपं सगळ्यांची एकच. समोरच्या फ्लेक्सवरून जो नट रोखून पाहत होता, त्याची. पाहून हसू आलं, पण ते टिकलं नाही. माणसं अशी एकमेकांसारखी दिसू लागली की मला आतून धास्ती वाटते. तुम्ही म्हणाल, म्हातारीला नव्या फॅशनचं वावडं आहे. तसं नाही. या धास्तीला सत्तरएक वर्षं होत आली.

तेव्हा चाकण म्हणजे पेठ, किल्ल्याची पडकी तटबंदी आणि भोवती कांद्याची वावरं. कांदा निघाला की मोकळ्या रानात सिनेमाचा तंबू पडायचा. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मधे कापडाचा आडोसा. मी तेव्हा लग्नाला आलेली मुलगी. त्या वर्षीच्या पहिल्याच चित्रात नायिकेच्या पोलक्याला खांद्यावर फुग्यांच्या बाह्या होत्या, आणि नायक गळ्यात रेशमी रुमाल बांधून फिरायचा. चित्राची गोष्ट आठवड्यात विरून गेली. बाह्या आणि रुमाल मात्र गावात राहिले.

आमच्या मागच्या खोलीत एक बाई भाड्यानं राहायची. मराठवाड्यातल्या रझाकारांच्या धामधुमीत नवरा गेला, तशी शिवणाचं पायमशीन बैलगाडीत घालून ती इकडे आलेली. खालच्या मानेनं बोलायची, सगळ्यांना ‘माय’ म्हणायची. पेठेतल्या एका मोठ्या घरची मुलगी तिच्याकडे आली आणि तसल्याच बाह्यांचं पोलकं शिवून मागितलं. बाईनं एकदाच तंबूत जाऊन नायिकेचे खांदे पाहिले आणि हुबेहूब शिवून दिलं. मुलगी ते घालून देवळात गेली. त्यानंतर आमच्या अंगणात बायकांची रीघ लागली. तिच्यापेक्षा माझा फुगा मोठा हवा, असं प्रत्येकीचं म्हणणं. बाई हसून म्हणायची, “माय, समद्याच मोठ्या केल्या, तर मोठी कोन दिसंल?”

पुरुषांकडे रुमालांची तीच तऱ्हा. एकाच भावकीतले दोन चुलतभाऊ लहानपणापासून एका ताटात जेवलेले. दोघांनी एकाच दिवशी रुमाल बांधले, एकसारखा भांग पाडला. त्यातल्या एकाची नजर त्या पहिल्या पोलकंवालीवर गेली. दुसऱ्यानं तोवर तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, पण भाऊ पाहतो म्हटल्यावर त्यालाही तीच हवी झाली. मग कोण आधी पाहत होता यावरून दोघांत वितुष्ट आलं. मुलीला यातलं काही ठाऊक होतं की नाही, देव जाणे. एका बाजारच्या दिवशी, भरल्या दुपारी, वजनकाट्याजवळ दोघे एकमेकांवर धावून गेले, आणि थोरल्यानं फेकलेलं लोखंडी वजन धाकट्याच्या डोळ्यावर बसलं. डोळा गेला.

गाव दुभंगलं. दोघांच्या बापांनी बोलणं टाकलं. पाणवठे वेगळे झाले, कांद्याचे लिलाव बंद पडले, घराघरांतून कुऱ्हाडींना धार लावल्याचं ऐकू यायचं. आता मुडदा पडणार, असं जो तो म्हणत होता. अशात देवळापुढे बैठक भरली आणि तिथं कुणीतरी म्हणालं, “ही बया गावात आल्यापास्नं हे समदं सुरू झालं.” कोण म्हणालं ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही. पण ते ऐकल्यावर बैठकीतल्या माणसांचे चेहरे सैल झाल्याचं वडील सांगायचे. इतके दिवस डोक्यावर धरलेलं ओझं ठेवायला जागा सापडावी, तसे.

ते सगळे आमच्या अंगणात आले. बाई मशीनवरच बसली होती. तिनं पायडलवरचे पाय काढले आणि उभी राहिली. “म्या काय केलं, दादा?”

“पोरीबाळींना नादी लावलंस तू. तुझ्यापायी पोराचा डोळा गेला,” थोरल्याचा बाप म्हणाला.

आई चुलीपासून उठून दारात आली. “तिनं बाह्या शिवल्या,” ती म्हणाली. “वजन फेकलं तुमच्या पोरानं. व्हय का न्हाई?”

मग त्या सगळ्या नजरा बाईवरून निघून आईवर येऊन थांबल्या. एकजण सावकाश म्हणाला, “हिच्याच घरात ऱ्हायली न्हवं का ती.” वडिलांनी आईचा दंड धरून तिला आत ओढलं आणि दार लोटलं. फटीतून मी पाहिलं: मशीन जड होतं, एकट्याला उचलेना. एका बाजूनं थोरल्याच्या बापानं धरलं, दुसऱ्या बाजूनं धाकट्याच्या. महिनाभर एकमेकांचं तोंड न पाहिलेले ते दोघे, “जरा तुमच्या अंगाला घ्या,” “दमानं,” असं बोलत मशीन किल्ल्याच्या खंदकापर्यंत घेऊन गेले. तिथं त्यांनी ते खाली लोटलं. सायंकाळी दोघांनी एका ओसरीवर चहा घेतला.

बाई गाठोडं घेऊन पुण्याच्या रस्त्याला लागली. आईनं मागच्या दारानं तिला भाकरी बांधून दिली. त्या पहिल्या पोलकंवालीचं लग्न घाईघाईनं एका बिजवराशी लावलं. घरोघरी पोलक्यांच्या बाह्या उसवल्या गेल्या. रुमाल मात्र कुणी सोडायला सांगितले नाहीत. तंबूही उठला नाही. नवं चित्र आलं, त्यात निरपराध सुनेवर आळ घेऊन तिला गावाबाहेर घालवतात. सारा तंबू हुंदके देत होता. मशीन खंदकात लोटणारे दोघेही शेजारी बसून डोळे पुसत होते, असं वडिलांनी पाहिलं. आई त्यानंतर तंबूत कधी गेली नाही.

पुढे मला पिंपरीला दिलं. तिथं औषधांचा कारखाना उभा राहिला होता, फाळणीत आलेल्या सिंध्यांच्या छावणीत दुकानं थाटली जात होती. तिथल्याच एका वखारीपुढे ती शिवणारी बाई मला दिसली, दाभणानं पोती शिवताना. तिनं ओळखलं. आधी आईची चौकशी केली, मग विचारलं, “डोळा गेला त्ये पोरगं कसं हाय?” मी म्हटलं, बरा आहे, लग्न झालं. मग भीतभीत विचारलं, “पोलकं शिवून द्याल का?”

तिनं मान हलवली. “कपडे शिवत न्हाई आता, माय. पोती बरी. पोत्याचा कुनाला हेवा वाटत न्हाई.”

पुन्हा गेले तेव्हा ती तिथं नव्हती. कुठं गेली, वखारवाल्याला ठाऊक नव्हतं.

मुलानं चाकणात घर केलं, तशी मी परत आले; इथं त्या वर्षाची आठवण अजून निघते. भांडणं विसरून दोन्ही घरं कशी एक झाली, हे म्हातारे नातवंडांना अभिमानानं सांगतात. ओसरीवरचा चहा त्यात असतो, एक डोळा गेलेला भाऊ दुसऱ्या भावाच्या गळ्यात पडतो तेही असतं. ऐकणाऱ्याला गहिवरून येईल अशीच ती गोष्ट झाली आहे. शिवणारी बाई त्यात नाही. ती कुणी मुद्दाम वगळली असंही नाही. तिच्यावाचून गोष्ट नीट जुळते, एवढंच.