अर्ध्या दुखवट्याचा रंग

नागपूरला मी प्रबंध लिहीत होते, विषय व्हिक्टोरियन काळातल्या घरगुती चालीरीती. म्हणजे इंग्रजांच्या आज्या कशा जगल्या, ते. त्याच सुमारास राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचं बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं. सुट्टीत घरी आले की बाबा त्यावर तावातावानं बोलत बसायचे. प्रबंधाची चौकशी करायची फक्त आत्या.

बाबांची ही धाकटी बहीण ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतली होती. तेव्हापासून अंगावर पांढरं पातळ, कायमचं. एकदा परसात वांगी खुडताना तिनं विचारलं, "तिकडच्या विधवा काय नेसत?"

"आधी काळं. दोनेक वर्षांनी अर्धा दुखवटा. त्यात राखाडी चाले, फिका जांभळा चाले. मग सगळेच रंग."

"फिका जांभळा म्हंजे असा?" तिनं वांग्याचं फूल दाखवलं.

"अगदी असाच. पण त्यांची राणी मात्र जन्मभर काळ्यातच राहिली."

"तिनं सोताहून धरलं, पोरी. मले कोनी पुसलं?" ती पुन्हा खुडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "दोन वर्ष तर केव्हाच झाली नं माही."

मी कसली अभ्यासक! एवढी पुस्तकं चाळली, पण घरातल्या बाईला हा रंग हवासा वाटत असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीत मी तसल्याच रंगाचं पातळ आणलं. बाबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "लोक काय म्हणतील?" आख्ख्या राज्याच्या सीमेवरून भांडणारा माणूस, पण बहिणीच्या पातळापाशी त्याचं घोडं अडलं. मला असा संताप आला! आत्यानं मला गप्प केलं आणि पातळ पेटीत ठेवलं.

त्यानंतर मी घरी आले की ती मला परसात न्यायची आणि मागचं दार लोटून घ्यायची. "तू नेस, मी पाहते." मी नेसायचे. ती उंबऱ्यावर बसून न्याहाळायची. "फिर नं जरा, पदर पाहू दे." मी गिरक्या घ्यायचे, ती तोंडाला पदर लावून हसायची. एकदा तरी तिनं ते नेसावं म्हणून मी हट्ट केला, पाया पडले. "तुह्या अंगावर दिसते नं मले," एवढंच म्हणायची. पातळ न नेसताच ती गेली.

बाबांच्या माघारी बुऱ्हाणपूरचं घर माझ्याकडे आलं आणि आम्ही तिथंच राहायला लागलो. गेल्या वर्षी माझे यजमान गेले. माझ्या रंगांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तेराव्यानंतर लेकीनंच कपाटातून निळी साडी काढून समोर ठेवली. मी म्हटलं, थांब, आणि आत्याची पेटी उघडली.

जांभळं पातळ नेसून मी परसात गेले. वांगी केव्हाच गेलीत, तिथं आता फरशी आहे. उंबरा तेवढा तोच आहे. आत्या हवी होती, फार हवी होती. रिकाम्या उंबऱ्याकडे तोंड करून मी सावकाश एक गिरकी घेतली, पदर नीट दिसेल अशी.